वाळूखालचा प्रतिध्वनी

समुद्रतळात पुरलेल्या वस्तूकडून ध्वनीचे विकिरण कसे होईल, हे गणिताने आधीच सांगण्याच्या तंत्राचे मूळ लॉर्ड रॅले यांच्या ‘थिअरी ऑफ साउंड’ (१८७७-७८) या ग्रंथापर्यंत जाते. तरंगलांबीहून खूप लहान अडथळा ध्वनी विखुरतो तेव्हा विखुरलेल्या ध्वनीची तीव्रता वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढते, असे त्यांनी दाखवले. १९५१ मध्ये हार्वर्डच्या जेम्स फॅरन यांनी घन गोल आणि दंडगोलांचे गणित मांडले आणि धातूचे दंडगोल पाण्यात ठेवून मोजमापे घेतली. घन वस्तूत अनुतरंगांबरोबर अवतरंगही धावतात. त्यामुळे वस्तू आपल्या ठरावीक वारंवारतांना कंप पावते आणि प्रतिध्वनीचे रूपच पालटते. १९६९ मध्ये पीटर वॉटरमन यांच्या टी-मॅट्रिक्स पद्धतीने गोलाहून वेगळे आकारही आवाक्यात आले.

वस्तूचे गणित असे बरेच सुटले. अडवले ते वाळूने.

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, ओल्या वाळूत सुमारे १७००. म्हणून तळाशी साधारण २८ अंशांच्या क्रांतिक कोनाहून कमी कोन करून आलेला ध्वनी वाळूत न शिरता परतायला हवा, आणि दुरून तिरपा रोखलेल्या सोनारला पुरलेला पाणसुरुंग दिसता कामा नये. प्रयोगांत मात्र ध्वनी खाली पोचताना आढळू लागला. निकोलस चोटिरोस यांनी त्याचे श्रेय मॉरिस बिओ यांच्या १९५६ च्या सिद्धांतातल्या मंद तरंगाला दिले; पाण्याने भरलेल्या सच्छिद्र पदार्थात असा दुसरा अनुतरंग संभवतो. इतरांचे बोट वाळूवरच्या लहरींसारख्या वळ्यांकडे होते. १९९९ च्या शरदात फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ ‘सॅक्स ९९’ प्रयोगात दोन्ही मते कसाला लागली. उच्च वारंवारतांना वळ्याच ध्वनी विखुरून तीव्र कोनात खाली ढकलतात, हे स्पष्टीकरण टिकले. एवढ्या गहन वादाचा निकाल लाटांनी कोरलेल्या नक्षीने द्यावा, हे गमतीचेच.

गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (स्थापना १९६६) या गणितातला तळाचा भाग उलट्या दिशेने वापरला गेला. चंचल डे आणि विश्वजित चक्रवर्ती यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या भूखंडमंचावरील ३३ आणि २१० किलोहर्ट्झच्या प्रतिध्वनींवरून गाळाच्या कणांचे आकारमान काढले. हा मंच एकसारखा नाही: किनाऱ्याकडे बारीक चिखल, बाहेर जुनी वाळू. चिखलात ध्वनीचा वेग बहुधा पाण्याइतकाच किंवा किंचित कमी असतो, त्यामुळे वाळूवरचा तो क्रांतिक कोन तेथे उरत नाही आणि ध्वनी सहज आत शिरतो. कोकण-गोव्याच्या चिखलात काही ठिकाणी मिथेन साठलेला आहे. त्याचे बुडबुडे ध्वनी शोषतात, विखुरतात आणि खालचे थर झाकून टाकतात. अशा जागी वस्तूआधी बुडबुड्यांचेच गणित मांडावे लागते.