बोरघाटांतील लोहमार्ग

मुंबईहून पुण्यास रेल्वेनें जाणारा मनुष्य कर्जत सोडल्यावर बहुधा वर्तमानपत्रांत, किंवा हल्लींच्या रीतीप्रमाणें हातांतील यंत्रांत, डोकें घालून बसतो. आणि पळसदरीपासून खंडाळ्यापर्यंतचा, आपल्या देशाच्या रेल्वेच्या इतिहासांतील एक अत्यंत महत्त्वाचा टापू खिडकीबाहेरून निघून जातो. ऐतिहासिक स्थळ म्हणजे किल्ला, देऊळ किंवा समाधि अशी आपल्याकडे समजूत रूढ झालेली आहे. बोगदा व पूल हेही इतिहासाचे पुरावेच होत, ही गोष्ट अद्याप आमच्या सुशिक्षितांच्याही गळीं नीटशी उतरलेली नाहीं. म्हणून आम्ही आज वाचकांस या घाटांत घेऊन जात आहों.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें हा एकवीस मैलांचा मार्ग खुला झाला, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु तो सपाटीचा मार्ग होता. खरी परीक्षा पुढेंच होती. देशावरचा माल बंदरास आणावयाचा तर सह्याद्रि ओलांडल्यावांचून गत्यंतर नव्हतें. बोरघाटांतून गव्हर्नर माल्कम यांनीं १८३० सालीं खुला केलेला गाडीरस्ता होता. पण बैलाला जें वळण साधतें तें इंजिनाला साधत नाहीं. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनीं आंखलेला मार्ग पंधरा मैलांहून कांहींसा अधिक लांब, आणि तेवढ्यांत चढावयाचें १८३१ फूट. त्यासाठीं पंचवीस बोगदे व आठ मोठे कमानींचे पूल बांधावे लागले. कोठें कोठें चढ सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. एके ठिकाणीं तर डोंगराची सोंड इतकी अरुंद कीं रुळांस वळण बसेना. तेव्हां तेथें गाडी थांबवावी, इंजिन दुसऱ्या टोंकास जोडावें व गाडीनें उलट दिशेनें पुढील चढ चढावा, अशी युक्ति काढण्यांत आली. हेंच तें प्रसिद्ध रिव्हर्सिंग स्टेशन.

काम १८५६ च्या आरंभीं सुरू झालें. त्या वेळीं डायनामाइटचा शोध लागलेला नव्हता. काळ्या पाषाणांत हातानें पहारीचीं भोंकें पाडावयाचीं, त्यांत साधी बंदुकीची दारू ठासावयाची आणि बत्ती देऊन पळावयाचें, अशी ती रीत होती. पावसाळ्यांत उघड्यावरचें बहुतेक काम बंद पडे. पहिला कंत्राटदार फॅव्हियल यानें १८५९ सालीं अंग काढून घेतलें. त्याच वर्षीं जानेवारींत मजुरी थकल्यावरून मोठा दंगा होऊन युरोपियन देखरेखनीसांवर हल्ला झाला होता. मालक व मजूर यांच्या तंट्यांविषयींचा १८६० चा कायदा रेल्वेच्या कामांवरील अशा तंट्यांतूनच निघाला. त्यानें मजुरीच्या तक्रारी मॅजिस्ट्रेटपुढें नेण्याची सोय झाली खरी. पण करार मोडणाऱ्या मजुरास तुरुंगाची वाटही त्याच कायद्यानें दाखविली. या देणगीची वाटणी कोणाच्या बाजूस झुकली होती, हें वाचकांनींच ठरवावें.

फॅव्हियलनंतर सॉलोमन ट्रेडवेल आला व थोडक्याच दिवसांत या घाटांतच मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें मात्र कंत्राट सोडलें नाहीं; अनुभवी व्यवस्थापकांच्या हातून तिनें तें तडीस नेलें. बांधकामाच्या छायाचित्रांचा एक संग्रह तिच्या नांवानें ओळखला जातो. बर्कले याचाही १८६२ सालीं इंग्लंडांत अंत झाला. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनीं मार्ग खुला केला, तेव्हां तो हयात नव्हता.

हीं नांवें आपणांस मिळतात. पण १८६१ सालीं या घाटांत बेचाळीस हजारांवर माणसें राबत होतीं, त्यांपैकीं एकाचेंही नांव आम्हांस ठाऊक नाहीं. पटकीनें, तापानें, सुरुंगानें व दरडींनीं त्यांतील किती मेलीं? पंचवीस हजार, असा अंदाज पुष्कळदां उद्धृत केला जातो. आमच्या मतें या आंकड्याकडे सावधपणें पाहिलें पाहिजे. कारण तो मोजणीचा नव्हे, अनुमानाचा आहे. परंतु सावधपणा म्हणजे उपेक्षा नव्हे. फोडलेला डोंगर वीस लाख घनयार्डांहून अधिक भरला, हें मोजून लिहून ठेवलेलें सांपडतें. कारण दगडाचे पैसे यार्डावर द्यावयाचे होते. हजेरीही मजुरीसाठींच लागे. मेलेल्यास मजुरी द्यावी लागत नाहीं. त्यामुळें तो हिशेबांतूनच निघून गेला. कागदपत्रांवर विसंबणाऱ्या इतिहासकारास याहून अधिक अडचणींत टाकणारें स्थळ महाराष्ट्रांत क्वचितच असेल.

घाईचें फळ रेल्वेसही भोगावें लागलें. मार्ग खुला झाल्यावर अवघ्या चार वर्षांनीं, १८६७ च्या जुलैंत, माऊकीमळी येथील पूल भर पावसाळ्यांत कोसळला. चुनेगच्चीचें काम कच्चें होतें.

विजेच्या गाड्या आल्या तेव्हां, १८२९ नव्हे तर बरोबर शंभर वर्षें पुढें, १९२९ सालीं नवीन वळण काढून रिव्हर्सिंग स्टेशन बंद करण्यांत आलें. जुन्या गाडीरस्त्यावरील, अमृतांजन पूल म्हणून ओळखला जाणारा पूल २०२० च्या एप्रिलांत सुरुंग लावून पाडला गेला. चढ मात्र तोच आहे. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांस आजही कर्जतेस मागून जादा इंजिनें लावतात. तीं लागेपर्यंत गाडी थांबते, वडेवाले फलाटावर धांवतात, आणि मग पळसदरी मागें पडून पहिला बोगदा येतो.