वजाबाकीने वय निघत नाही : शिवाजी महाराजांचं वय मोजताना

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून. त्यांच्या दोन्ही भावांचाही १ जूनच. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असा एक तरी १ जूनवाला असेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? आजी म्हणाली, "भात काढायच्या दिवसांत." गुरुजींनी मुलाकडे एकदा बघितलं आणि लिहून टाकलं, १ जून. पुढे त्या तारखेवर नोकरी लागली, त्या तारखेवर निवृत्ती झाली. म्हणजे वयाचा हिशेब दिवसापर्यंत चोख, फक्त सुरुवातीचा दिवसच खरा नाही.

आज याच्या उलट उदाहरण घेऊ. इथे जन्मदिवसाची नोंद काळजीपूर्वक केलेली आहे, पण हिशेब करताना आपण चुकतो. प्रश्न साधा आहे. शिवाजी महाराज वारले तेव्हा त्यांचं वय नेमकं किती होतं?

आधी नोंद. जुन्या पिढीने शाळेत जन्मसाल १६२७ असं पाठ केलं. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. ही मिती मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीत आहे, आणि ती बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे महाराजांनंतर शंभरावर वर्षांनी लिहिलेली. लोकमान्य टिळकांनी १९०० मध्ये 'केसरी'तून या तिथीचा प्रश्न चर्चेला घेतला होता. पुढे कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली त्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती छापली गेली. शकावली म्हणजे शक, महिना, तिथी, वार अशा क्रमाने केलेल्या कोरड्या नोंदी. त्यात वर्णन नाही की कौतुक नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तेच हवं असतं. तिथे जन्म आहे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. नंतर तंजावरात सदाशिव महादेव दिवेकरांना कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' मिळालं, ते १९२७ मध्ये प्रसिद्ध झालं. परमानंद हा महाराजांच्या पदरचा कवी. त्याने दिलेली तिथी तीच. राजस्थानात जोधपूरकडे मिळालेल्या कुंडल्यांमध्येही तीच. मावळातला देशमुख, संस्कृत कवी आणि मारवाडचा ज्योतिषी यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

आता हिशेब. मृत्यू चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके १६०२, शनिवार. १६०२ मधून १५५१ वजा करा. एक्कावन्न. झालं?

नाही झालं. फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे वर्षाचं शेपूट. महाराज जन्मले आणि साधारण तेरा दिवसांत गुढीपाडवा आला, शके १५५२ सुरू झालं. शके १५५१ मधले त्यांच्या वाट्याला जेमतेम पंधरवडाभर दिवस. उलट मृत्यू शके १६०२ च्या पहिल्याच पंधरवड्यात. पन्नासावा वाढदिवस फाल्गुन वद्य तृतीया, शके १६०१ ला झाला. तिथून अमावास्येपर्यंत बारा तिथी, आणि पौर्णिमेपर्यंत आणखी पंधरा. पंचांगाने वय पन्नास वर्षं आणि सत्तावीस तिथी.

शकाचं इंग्रजी साल करतानाही हाच खड्डा आहे. शकात ७८ मिळवा, असं आपल्याला शिकवलेलं असतं. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. पण माघ-फाल्गुनात इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तिथे ७९ मिळवायला लागतात. म्हणून १६३०.

तर इंग्रजी तारखा अशा: जन्म १९ फेब्रुवारी १६३०, मृत्यू ३ एप्रिल १६८०. पन्नास वर्षं, एक महिना, पंधरा दिवस. पण या तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत. इंग्लंडने कालगणना बदलली १७५२ मध्ये. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकातच बदलली होती. त्यामुळे महाराजांच्या काळात मुंबईचा इंग्रज आणि गोव्याचा पोर्तुगीज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तरी कागदावरच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडायचं. आपण आज जी पद्धत वापरतो, तिने जन्म १ मार्च १६३० आणि मृत्यू १३ एप्रिल १६८०. आता मोजा. पन्नास वर्षं, एक महिना, बारा दिवस.

तीन दिवस कुठे गेले? कुठेच नाही. महिना ही फसवी माप आहे. १९ फेब्रुवारी ते १९ मार्च हा महिना त्या लीप वर्षी एकोणतीस दिवसांचा, १ मार्च ते १ एप्रिल हा एकतीस दिवसांचा. पन्नास वर्षांत पकडलेले लीप दिवसही एका हिशेबात बारा आणि दुसऱ्यात तेरा येतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, शंका आली की सरळ दिवस मोजा. दोन्ही पद्धतींनी दिवस येतात १८,३०६. आणि ताळा बघायचा असेल तर याला सातने भागा. बाकी एक उरते. जन्म शुक्रवारचा, एक पुढे मोजा, शनिवार. मृत्यूची नोंद शनिवारचीच आहे. मला स्वतःला हा ताळा पहिल्यांदा जमला तेव्हा फार आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

घरी करून बघता येईल असं एक सांगतो. आजच्या कालगणनेत चारशे वर्षांत बरोबर १,४६,०९७ दिवस येतात आणि त्यांना सातने पूर्ण भाग जातो. म्हणजे दर चारशे वर्षांनी वार पुन्हा तेच. मोबाइलमध्ये २०३० सालचा १ मार्च काढा. शुक्रवार दिसेल. जेध्यांच्या शकावलीतला शुक्रवार. चारशे वर्षं खऱ्या अर्थाने त्या दिवशी पूर्ण होतील, १९ फेब्रुवारीला नव्हे. सुट्टी १९ ला असते, असू द्या, सुट्टीबद्दल माझं काही भांडण नाही.

दिवस कुठे सुरू होतो, हाही एक घोटाळा आहे. राज्याभिषेकाची शकावलीतली नोंद ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असताना अशी आहे. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सुमारे सव्वा तास बाकी. आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तो अजून शुक्रवार. मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्या इंग्रजाला तोच शनिवार, ६ जून १६७४. चव्वेचाळीस वर्षं, तीन महिने, अठरा दिवस. शुक्रवारची तारीख धरलीत तर सतरा. त्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता. एकच सोहळा, वार दोन, आणि दोन्ही बरोबर.

कोणी विचारेल, एवढा कीस कशाला? दोन-तीन वर्षं इकडेतिकडे झाली तर काय बिघडलं?

जुलै १६२९ मध्ये दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवरावांची हत्या झाली. जिजाबाईंचे वडील. त्यांच्यासोबत मुलगे आणि नातूही मारले गेले. जन्म १६२७ चा धरला, तर त्या वेळी शिवाजी सव्वादोन वर्षांचं मूल आहे, आईच्या मागे मागे हिंडणारं. १६३० चा धरला, तर जिजाबाईंना नुकते दिवस गेलेले आहेत. बाप आणि भाऊ एकाच दिवशी गेले, आणि पुढे सात महिन्यांनी शिवनेरीवर मूल झालं. त्याच १६३० पासून दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, म्हणजे या मुलाची पहिली दोन वर्षं दुष्काळातली. चिटणिसांची तिथी घेतली की हे सगळं बदलतं. आईचं वय बदलत नाही, घटना बदलत नाहीत, पण कुठल्या बाईवर काय आणि कधी कोसळलं ते बदलतं.

आणि चिटणिसांच्या तिथीने मृत्यूसमयी वय किती येतं? १६०२ वजा १५४९, त्रेपन्न. इथेही वजाबाकी फसते. वैशाख शुद्ध द्वितीया यायला अजून सतरा तिथी होत्या, म्हणजे बावन्नच पूर्ण. दोन्ही तिथींत साधी वजाबाकी एका वर्षाने जास्तच सांगते. पुढच्या वेळी कुठल्याही पुस्तकात, कुणाच्याही नावापुढे 'वय त्रेपन्न' असं वाचलंत, तर आधी बघा, लेखकाने महिना पाहिला होता का.