‘रोड रॅश’ : मूळ खेळ आणि त्याचा दुसरा भाग

‘रोड रॅश’ हा मोटारसायकल शर्यतीचा व्हिडिओ गेम अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने १९९१ मध्ये सेगा मेगा ड्राइव्ह या गेमयंत्रासाठी प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्याचा दुसरा भाग आला. महाराष्ट्रातील शहरी वाचकाला हे नाव ठाऊक आहे. पण ते बहुधा १९९६ मध्ये विंडोज संगणकासाठी निघालेल्या आवृत्तीमुळे. सायबर कॅफेत आणि शेजाऱ्यांच्या संगणकावर खेळला गेलेला ‘रोड रॅश’ तो हाच. त्याआधीचे टीव्हीला जोडून खेळायचे दोन भाग आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिले. त्यामुळे या मालिकेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्यही अनेकांच्या नजरेआड राहिले. दुसऱ्या भागाने रस्ता फारसा बदलला नव्हता; त्याने दोघांना एकाच वेळी त्या रस्त्यावर उतरवले होते.

मूळ कल्पना

१९९१ पूर्वी शर्यतीच्या बहुतेक खेळांत प्रतिस्पर्धी हा केवळ ओलांडून जाण्याचा अडथळा असे. आपल्याकडे टीव्ही गेमच्या कॅसेटमधून घरोघरी पोहोचलेला कोनामीचा ‘रोड फायटर’ हा १९८४ चा खेळ त्याच जातीचा. पुढची मोटार चुकवायची, इंधन संपू द्यायचे नाही आणि शेवटची रेषा गाठायची, एवढेच त्यात असे. ‘रोड रॅश’ने प्रतिस्पर्ध्याला हात-पाय दिले. शेजारून जाणाऱ्या स्वाराला ठोसा मारता येई, लाथ घालता येई. त्याच्या हाती दांडके असेल आणि नेमका क्षण साधला, तर ते हिसकावूनही घेता येई.

शर्यत बंदिस्त धावपट्टीवर होत नाही, तर समोरून वाहने येत असलेल्या सार्वजनिक रस्त्यावर होते. सिएरा नेवाडा, पॅसिफिक कोस्ट, रेडवूड फॉरेस्ट, पाम डेझर्ट आणि ग्रास व्हॅली असे कॅलिफोर्निया राज्यातील पाच मार्ग त्यात आहेत. टप्पेही पाच आहेत. प्रत्येक टप्प्यात तेच मार्ग पुन्हा येतात. मात्र त्यांची लांबी वाढते आणि प्रतिस्पर्धी अधिक वेगवान होतात. ठरावीक क्रमांकाच्या आत आल्यास बक्षिसाची रक्कम मिळते आणि ती साठवून नवी मोटारसायकल घेता येते. अशा आठ मोटारसायकली मूळ खेळात होत्या. शुरिकेन, पांडा, कामिकाझे, डियाब्लो ही त्यांची नावे काल्पनिक असली, तरी त्यांचा सूर जपानी आणि इटालियन कंपन्यांचा होता.

पैशाचा हा हिशेब खेळाला शिस्त लावतो. गाडी मोडली तर दुरुस्तीचा खर्च, पोलिसाने पकडले तर दंड. आणि दोन्ही भरण्याइतकी रक्कम हाती नसेल, तर खेळ तेथेच संपतो. मारामारी मोफत नाही, हे तत्त्व पुढच्या भागानेही जपले.

घाटरस्त्याचा भास

कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना वळणापलीकडचे वाहन अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. सपाट पडद्यावर नेमका हाच अनुभव निर्माण करणे, हे ‘रोड रॅश’चे तांत्रिक यश होते. त्यातील रस्ता डावी-उजवीकडे वळतोच, शिवाय चढतो आणि उतरतो. चढाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडून येणारी मोटार दिसत नाही, आणि वेग अधिक असेल तर गाडी माथ्यावरून हवेत झेपावते.

मेगा ड्राइव्हमध्ये मोटोरोला ६८००० हा सुमारे साडेसात मेगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर होता. चित्र लहान-मोठे करण्याची सोय त्या यंत्राच्या रचनेतच नव्हती. त्यामुळे दूरचे झाड किंवा वाहन जवळ येताना मोठे दिसावे, यासाठी लागणारे सारे काम प्रोग्रॅमला करावे लागे. साहजिकच चित्राची हालचाल काहीशी अडखळत होई. या उणिवेकडे खेळणाऱ्यांनी काणाडोळा केला, कारण रस्त्याचा भास पटण्याजोगा होता. पहिल्या भागाच्या संगीतात रॉब हबर्ड या ब्रिटिश संगीतकाराचा मोठा वाटा होता. कमोडोर ६४ या संगणकावरील संगीतामुळे त्यांचे नाव आधीच गाजलेले होते.

दुसऱ्या भागात काय बदलले?

वर वर पाहता दुसरा भाग पहिल्याचाच विस्तार वाटतो. रस्ता दाखवण्याची पद्धत तीच, टप्पे पाचच आणि मारामारीचे नियमही तेच. मार्ग मात्र एका राज्यातून बाहेर पडून अलास्का, हवाई, टेनेसी, ॲरिझोना आणि व्हरमाँट या पाच राज्यांत पसरले. मोटारसायकलींची संख्या आठवरून पंधरा झाली आणि त्यांचे तीन वर्ग पाडण्यात आले. सर्वांत वरच्या वर्गातील गाड्यांना नायट्रसची जोड मिळाली. त्यामुळे काही क्षण वेग एकदम वाढवता येऊ लागला. दांडक्याच्या जोडीला साखळी आली.

या यादीतील एकही बाब मूळ खेळाचा स्वभाव पालटणारी नाही. स्वभाव पालटला तो दोन खेळाडूंच्या सोयीने. पहिल्या भागात दोघांनी खेळायचे म्हणजे आळीपाळीने खेळायचे. एकाच्या हाती कंट्रोलर, दुसरा प्रेक्षक. दांडक्याचा घाव नेहमी यंत्राने चालवलेल्या स्वारावरच बसे. दुसऱ्या भागाने पडदा आडवा दुभागला. वरच्या अर्ध्या भागात एक, खालच्या अर्ध्या भागात दुसरा, आणि दोघेही एकाच रस्त्यावर. इतर स्वारांसह शर्यत करता येई किंवा फक्त दोघांतील द्वंद्व निवडता येई.

सात-साडेसात मेगाहर्ट्झच्या त्याच प्रोसेसरला आता एकाऐवजी दोन दृश्ये उभी करायची होती. प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा पडदा आला आणि पुढचा रस्ता कमी दिसू लागला. तरीही सौदा फायद्याचा ठरला. यंत्राच्या स्वाराला पाडण्यात कौशल्य आहे. शेजारी बसलेल्या भावाला किंवा मित्राला पाडण्यात खेळ आहे. जिंकण्यापेक्षा त्याला जिंकू न देणे महत्त्वाचे ठरते, आणि दोघेही समोरच्या मोटारीवर आदळून शेवटी उरतात, तेव्हा हसूही दोघांनाच येते.

पहिल्याची सरशी कोठे?

दुसरा भाग प्रत्येक बाबतीत सरस आहे, असे म्हणता येणार नाही. एकाच राज्यातील पाच मार्गांमुळे मूळ खेळाला जी एकसंधता होती, ती दुसऱ्यात विरळ झाली. नवेपणाचा धक्काही अर्थातच पहिल्याचा. शर्यतीत ठोसा मारता येतो, हे प्रथम कळण्यातील आश्चर्य दुसऱ्यांदा देता येत नाही. केवळ एकट्याने खेळणाऱ्याला दोन्ही भागांत मोठा फरक जाणवणार नाही, हेही मान्य करावे लागेल.

आणखी एक गोष्ट दोन्ही भागांना सारखीच लागू होते. खेळातील स्वार कितीही वेगाने आपटला, तरी उठून धावत आपल्या गाडीकडे जातो. खऱ्या घाटात तशी सवलत नसते. खेळातील वेगाचा आनंद खेळातच राहिलेला बरा, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

आपल्याकडे आलेली आवृत्ती

मेगा ड्राइव्ह भारतात १९९०च्या दशकाच्या मध्यास शॉ वॉलेस या कंपनीमार्फत आले. परंतु आयात करामुळे त्याची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर राहिली. बहुतेकांनी ‘रोड रॅश’ पाहिला तो संगणकावर. ती आवृत्ती १९९४ मध्ये थ्रीडीओ यंत्रासाठी नव्याने रचलेल्या खेळावर आधारलेली होती. तिच्यात चित्रे अधिक स्पष्ट होती, साउंडगार्डनसारख्या रॉक समूहांची गाणी होती. मात्र दुभागलेला पडदा नव्हता. ज्या सोयीने दुसरा भाग मोठा झाला, ती आपल्या वाट्याला आलेल्या आवृत्तीत उरलीच नाही. कॅफेत एक जण खेळे आणि बाकीचे खुर्चीमागे उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहत. १९९१ ची आळीपाळी अशा रीतीने पुन्हा परतली होती.

काळाचा निवाडा

सेगाने २०१९ मध्ये मेगा ड्राइव्हची छोटी प्रतिकृती बाजारात आणली. तिच्यासोबत जुन्या यंत्रावरील ४२ खेळ देण्यात आले. पाश्चात्त्य देशांतील यादीत मालिकेचा प्रतिनिधी म्हणून ‘रोड रॅश’चा दुसरा भाग होता, पहिला नव्हता. २०१७ मध्ये पूर्णरूपात आलेल्या ‘रोड रिडेम्प्शन’ या वेगळ्या मंडळींनी केलेल्या खेळानेही मोटारसायकलवरील मारामारीचीच परंपरा पुढे नेली, आणि दुभागलेल्या पडद्याची सोय त्यातही ठेवली.

उत्तम दुसरा भाग म्हणजे नवे रस्ते आणि अधिक गाड्या, अशी समजूत आजही प्रचलित आहे. १९९२ चा ‘रोड रॅश’ तिला छेद देतो. त्यातील नव्या मार्गांची नावे बहुतेकांच्या विस्मरणात जातील. शेजारी बसलेल्याला साखळीचा फटका देऊन पुढे निघून गेल्याचा क्षण मात्र सहसा कोणी विसरत नाही.