दिनविशेष : 21 जून 2003 – हॅरी चिडला, वाचकही

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेचा पाचवा भाग 2003 मध्ये आजच्या दिवशी प्रकाशित झाला. ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटली, तेव्हा पनवेलमध्ये पहाटेचे साडेचार वाजले होते. चौथा भाग जुलै 2000 मध्ये आला होता, म्हणजे वाट पाहणे जवळपास तीन वर्षांचे. हाती आला तो 766 पानांचा ठोकळा; हार्बरच्या लोकलमध्ये उभ्याने वाचायला घेतला, तर मानखुर्द येईस्तोवर मनगट भरून यावे.

पण जड होता तो आतला मजकूर. पंधरा वर्षांचा हॅरी इथे सतत धुमसतो, मित्रांवर ओरडतो. काहींना हा आक्रस्ताळेपणा असह्य झाला. काहींना, विशेषतः त्याच वयाच्या वाचकांना, अगदी आपला वाटला. शिक्षा म्हणून मुलाला स्वतःच्याच रक्ताने लिहायला लावणाऱ्या शिक्षिका अम्ब्रिजबाईंचा राग तर मालिकेचा खलनायक व्होल्डेमॉर्ट याच्यापेक्षाही जास्त आला. काळी जादू कुणी पाहिलेली नसते. गोड हसून छळणारा अधिकारी बहुतेकांनी पाहिलेला असतो. भयकथांचे बादशहा स्टीफन किंग यांनीही या बाईंना खलपात्रांत वरचे पान दिले.

आणि हॅरीचा धर्मपिता सिरियस. (अजून वाचले नसेल, तर क्षमस्व.) तो गेल्याचे अनेकांना पटेना, पुढच्या भागात परतेल, अशी आशा कित्येकांनी धरली. आपला फास्टर फेणे दर वेळी सुखरूप घरी येई, त्या सवयीच्या वाचकांना हा धक्काच होता. मालिकेतला हा मृत्यू लिहून झाल्यावर आपल्यालाही रडू आल्याचे रोलिंग यांनी सांगितले होते.