निरर्थ शब्द, सार्थ सूर

गीताचा अर्थ शब्दांत असतो कीं सुरांत, हा वाद जुना आहे. आमच्या गवयांनीं तराण्याच्या रूपानें त्याचें एक उत्तर पूर्वींच देऊन ठेविलें आहे. परंतु गीत म्हणजे आधीं कवन, अशी समजूत जेथें रूढ आहे, त्या इंग्रजी लोकप्रिय संगीतांत हाच प्रश्न एलिझाबेथ फ्रेझर या स्कॉटिश गायिकेच्या कंठानें नव्यानें उपस्थित केला.

एडिंबरो व ग्लासगो यांच्या दरम्यान, फोर्थ नदीच्या खाडीकांठीं ग्रेंजमथ हें बंदर आहे. १९२४ पासून २०२५ पर्यंत तेथें खनिज तेल शुद्ध करण्याचें काम चाले. अशा या कारखान्यांच्या गांवीं १९७९ सालीं रॉबिन गथ्री व विल हेगी यांनीं 'कॉक्टो ट्विन्स' हा वाद्यवृंद काढला. फ्रेझरबाई त्यांस मागाहून येऊन मिळाल्या. त्यांची 'गार्लंड्स' ही पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १९८२ सालीं लंडनच्या 'फोर एडी' या संस्थेनें प्रसिद्ध केली. बड्या कंपन्यांपासून अलग राहून लहान भांडवलावर चालणाऱ्या अशा स्वतंत्र संस्थांच्या संगीतासच 'इंडी' हें नांव पडलें. गाण्याचे शब्द कळत नाहींत, ही तक्रार ज्या दारीं पहिल्या दिवशींच झाली असती, तें दार या मंडळींस ठोठवावें लागलें नाहीं.

१९८३ सालीं हेगी यांच्या जागीं सायमन रेमंड आले. वृंदांत तालवादक नव्हताच. तें काम यंत्र करी. गथ्री गिटारच्या नादावर विद्युत्-उपकरणांनीं प्रतिध्वनींचे थर चढवीत, आणि त्या धुक्यांतून फ्रेझरबाईंचा आवाज वर येई. घटकेंत कुजबुजणारा, घटकेंत कंप पावत तारसप्तकांत झेपावणारा. परक्या भाषांतील, स्वतःस अर्थ ठाऊक नसलेले शब्द त्या केवळ नादासाठीं उचलीत. १९८४ च्या 'ट्रेझर' मधील दहाही गीतांचीं शीर्षकें एकेका शब्दाचीं, बहुतेक नुसतीं विशेषनामें आहेत.

हा दुर्बोधतेचा डौल आहे, असें कोणी म्हणेल. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. शब्दांचा अंकुश सुटला म्हणजे माधुर्य स्वस्त होतें, आणि या वृंदाच्या संगीतांतही कांहीं जागा निव्वळ शोभेच्या आहेत. परंतु बाईंस शब्द गातां येत नव्हते, असें मात्र नव्हे. टिम बकली यांचें 'सॉंग टु द सायरन' हें गीत त्यांनीं १९८३ सालीं 'धिस मॉर्टल कॉइल' या नांवाखालीं केवळ गथ्री यांच्या गिटारच्या साथीवर स्पष्टपणें गाइलें, आणि तें स्वतंत्र संगीताच्या क्रमवारींत १०१ आठवडे राहिलें. १९९० च्या 'हेवन ऑर लास व्हेगस' मध्येंही त्यांचे शब्द पुष्कळ उमगतात.

मग एरवीं शब्द झांकले कां? मला वाटतें, सांगण्याची निकड आहे पण उघड बोलवत नाहीं, अशा वेळीं मनुष्य गुणगुणतो. फ्रेझरबाईंनीं त्या गुणगुणण्यास कलेची योग्यता आणून दिली. तान्ह्या मुलास अंगाईचे शब्द कळत नाहींत, तरी आईचें मन कळतें. तोच व्यवहार येथें आहे.

१९९७ सालीं हा वृंद मोडला. पुढें २००१ सालच्या 'द फेलोशिप ऑफ द रिंग' या चित्रपटांत गॅंडाल्फसाठीं केलेला विलाप गावयास फ्रेझरबाईंचाच आवाज घेतला गेला. त्याची भाषा टोल्किन यांनीं कल्पनेनें रचलेली, म्हणजे जगांत कोणाचीच मातृभाषा नसलेली. तरी तो ऐकतांना कोणी अर्थ विचारीत नाहीं. मेलेल्यासाठीं कोणी रडत आहे, एवढें प्रत्येकास कळतें.