महामारीत शिकणारे भावी डॉक्टर: ताण कसा ओळखाल?

मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद झाली आणि एमबीबीएसचे वर्ग मोबाईलवर आले. व्याख्यान ऑनलाइन ऐकता येते. पण रुग्णाचे पोट तपासणे, छातीतले आवाज ओळखणे वॉर्डातच शिकावे लागते. त्यातच १८ एप्रिल २०२१ ची नीट-पीजी ११ सप्टेंबरपर्यंत लांबली. "मला रुग्ण तपासता येईल का?" ही भीती आणि घरी संसर्ग नेण्याची धास्ती यांतून अनेकांचा ताण वाढला.

तुमच्या घरात असा विद्यार्थी असेल, तर "डॉक्टर होणार आणि घाबरतोस?" असे म्हणू नका. राहून गेलेली कौशल्ये सरावाने येतात. मात्र झोप न लागणे, चिडचिड, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या. जगणे नकोसे वाटते असे तो बोलला, तर त्याला एकटे सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच फोन करा.