बंद खोलीतली बांधणी

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात युनिक्सच्या कोडमध्ये होणाऱ्या बदलांची नोंद ठेवली जात असे. त्या नोंदींत १८ मार्च १९८२ या तारखेला बिल जॉय याच्या नावावर 'सीएचरूट' ही आज्ञा जमा आहे. तिचे काम एवढेच, की एखाद्या प्रोग्रॅमला सांगायचे : ही डिरेक्टरी म्हणजेच तुझे सगळे जग, हिच्याबाहेर काही नाही. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ सालीच, ही आज्ञा आलेली होती. तेव्हा जॉयला तिचा जनक म्हणता येत नाही. पण बर्कलीत ती कशासाठी हवी होती, हा प्रश्न उरतोच.

आज सीएचरूटची ओळख बहुधा सुरक्षेचे साधन म्हणून करून दिली जाते. परक्याला आपल्या यंत्रावर येऊ द्यायचे, पण एका खोलीत कोंडून. त्या काळी बर्कलीत काम करणारे कर्क मॅक्युसिक यांची आठवण मात्र निराळी आहे. कोंडावेत असे परकेच तेव्हा फारसे नव्हते. बीएसडीची ४.२ ही आवृत्ती बाहेर पडायला सुमारे दीड वर्ष होते आणि तिची जुळवाजुळव चालू होती. नवी प्रणाली फक्त तिच्या स्वतःच्या फाइलींतून बांधायची, जुन्या प्रणालीतले काही उसने घ्यायचे नाही, यासाठी जॉयला ही खोली हवी असावी, असे मॅक्युसिक सांगतात. ते स्वतः याला अंदाजच म्हणतात. मला तो पटतो, कारण त्यामागची अडचण खरी आहे.

सोर्स कोड माणसाला वाचता येतो. यंत्र चालवते ती त्यापासून कम्पायलरने घडवलेली बायनरी फाइल. घडवताना कम्पायलरला इतर फाइली, लायब्रऱ्या लागतात आणि त्या यंत्रावर जिथे सापडतील तिथून तो त्या निमूट उचलतो. आमच्या आजीने लिहून दिलेली अनारशांची कृती मुंबईत कधी जमली नाही. तिच्या स्वयंपाकघरात जे कायमच हाताशी असे, ते कागदावर लिहायचे तिला सुचलेच नव्हते. प्रोग्रॅमरचे 'माझ्या यंत्रावर तर चालते' हे वाक्य त्याच जातीचे. रिकाम्या खोलीत बांधायला बसले, की कृतीतून काय सुटले ते पहिल्या पाच मिनिटांत कळते.

या खोलीची सर्वांत मोठी गरज पडली ती डेबियनसारख्या प्रकल्पांना. १९९३ साली सुरू झालेल्या या लिनक्स वितरणात जगभरचे स्वयंसेवक हजारो पॅकेजे सांभाळतात. प्रत्येक पॅकेजाने आपल्याला बांधणीसाठी काय काय लागते याची यादी जाहीर करायची. मग किमान सामान असलेल्या सीएचरूटमध्ये यादीतले तेवढेच मांडून बांधणी करायची, अशी शिस्त तिथे रुळली. तरीही स्वयंसेवकाने आपल्या लॅपटॉपवर घडवलेली बायनरी थेट भांडारात जाण्याची वाट बरीच वर्षे उघडी होती. २०१९ मध्ये डेबियनने ठरवले, की पुढच्या आवृत्तीत प्रकल्पाच्या स्वतःच्या बांधणी-यंत्रांवर घडलेलेच घ्यायचे. मला हा निर्णय फार उशिरा झालेला वाटतो.

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा याने 'निक्स' या प्रणालीत हीच शिस्त टोकाला नेली. त्याचा प्रबंध २००६ चा. निक्समध्ये बांधणीच्या खोलीला सहसा नेटवर्क नसते. बरेच प्रोग्रॅम आपल्या मालकाच्या 'होम' डिरेक्टरीचा पत्ता विचारतात. निक्स त्यांना जो पत्ता देते त्याचा अर्थ 'बेघरांचा निवारा', आणि त्या पत्त्यावर काहीच नसते. तयार फाइलींवर तारीख पडते १ जानेवारी १९७० ची. हा विक्षिप्तपणा नव्हे. बांधणीची वेळ किंवा डिरेक्टरीचे नाव बायनरीत उतरले, की दोन ठिकाणी घडवलेल्या बायनऱ्या जुळत नाहीत; आणि जुळल्या नाहीत तर एखादी कोणी बदलली आहे का, हे ओळखणार कसे? एकाच सोर्सपासून कोणीही, कुठेही बांधले तरी बिटन् बिट तेच निघावे, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून नेटाने काम सुरू झाले.

आणि मग २०२४ चा मार्च आला. फाइली आवळणाऱ्या 'एक्सझेड' या छोट्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट निघाली. तिचा मुख्य माल चाचणीच्या फाइलींत दडवला होता. तो बाहेर काढणारी ओळ मात्र जाहीर सोर्स-भांडारात नव्हती, ती होती वितरणांसाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यातल्या बांधणी-स्क्रिप्टमध्ये. ती स्क्रिप्ट आधी भोवताल न्याहाळी. लिनक्स आहे का? डेबियनचे किंवा आरपीएमचे पॅकेज बांधले जाते आहे का? असेल तरच विष कालवायचे. म्हणजे निर्भेळ बांधणीसाठी चार दशके जपलेली खोली हीच तिची खूण झाली. दोघांनी स्वतंत्रपणे बांधून ताडून पाहिले असते, तरी दोघांच्या बायनऱ्या तंतोतंत जुळल्या असत्या, विषासकट. दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापायी आन्द्रेस फ्रॉइन्ड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या अभियंत्याने ते शोधून काढले. तोवर ते चाचणीच्या आवृत्त्यांत पोचले होते, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नाही.

खोली कितीही कडेकोट असली, तरी तिच्यात कम्पायलर बाहेरूनच आणावा लागतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात केन थॉम्पसनने दाखवले होते, की बिघडवलेला कम्पायलर निर्दोष सोर्समधूनही चोरवाट घडवू शकतो, आणि स्वतःच्या पुढच्या पिढीत तो दोष पेरू शकतो. त्यावर काम करणाऱ्यांपैकी 'गिक्स' या प्रकल्पाने २०२३ मध्ये आपल्या बांधणीचे बीज ३५७ बाइटच्या एका प्रोग्रॅमपर्यंत खाली आणले. तिथून पायरीपायरीने कम्पायलर घडवत वर जायचे. ३५७ बाइट माणूस बसून, एकेक तपासून वाचू शकतो. ते चालवणारा लिनक्सचा कर्नल मात्र अजून तयारच आणावा लागतो.